बंडीभर झोप

"दगड! दगड भरला याच्यात!"

ग्रेडर असा ओरडला की पुलगावच्या मार्केट यार्डात बसलेले निम्मे बैल उठून उभे राहिले आणि उभे असलेले निम्मे खाली बसले. सरकारी कापूस खरेदीचा हा ग्रेडर म्हणजे उंच, वाळका माणूस. बैलबंडीत हात घालायचा, तळातला कापूस उपसायचा, मुठीत दाबून पाहायचा, नाकाशी न्यायचा आणि ओला की कोरडा ते तिथल्या तिथे सांगून मोकळा व्हायचा. त्या सकाळी त्याचा हात आमच्या मोठेबाबांच्या बंडीत खांद्यापर्यंत गेला होता आणि आत काहीतरी टणक लागलं होतं.

"कोनाच्या बंडीत दगड?" मोठेबाबा गरजले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा साधा आवाज दोन वावरांपलीकडची डुकरं पळवायचा. रागावलेला आवाज इथे लिहून दाखवला असता, पण कागद फाटेल.

"तुमच्याच बंडीत! वजन वाढवाले दगड टाकता अन् वरून मलेच आवाज करता?"

"अबे, माह्या कापसात दगड? माह्या बापानं कधी खडा नाई टाकला, माह्या आज्यानं नाई टाकला! काढ! काढून दाखव! दगड निघाला तं बंडी तुही, बैल तुहे, मीबी तुहाच!"

यार्डातली सगळी माणसं आपापल्या बंड्या सोडून आमच्या बंडीभोवती जमली. ग्रेडरनं दुसराही हात आत घातला, दगडाला घट्ट धरलं आणि ओढलं. मग त्याचा चेहरा बदलला.

"हलून राह्यला," तो म्हणाला.

"काय हलून राह्यलं?"

"दगड."

आणि दगडानं त्याला लाथ मारली.

कापसातून बाहेर आला तो पाय होता. टाच, पाच बोटं आणि घोट्यात चांदीची तोरडी. मोठेबाबांनी आधी तोरडी ओळखली, मग पाय. तोरडी त्यांनीच घेऊन दिली होती. पाठोपाठ कापसाच्या पोटातून, अगदी शांत, झोपाळलेला आवाज आला.

"पहिला तास झाला का?"

ही माझी ताई. मोठेबाबांची मुलगी, माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी, पण ताई म्हणजे ताई. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी पुलगावच्या शाळेत दहावीला होतो. आमचं गाव तिथून आंजीच्या अंगाला, सायकलीनं जाऊन-येऊन पोटऱ्या दगड व्हाव्यात इतकं लांब. गावातून तोवर एकही मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली नव्हती. पहिल्या आम्ही दोघीच बसणार होतो. त्यातली एक गळाली असती तर दुसरीला एकटीला त्या रस्त्यानं कोण पाठवणार होतं? म्हणजे ताईची शाळा ही माझीही शाळा होती. हे एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी वाढवून सांगितलं तरी चालेल.

ताईला झोप मिळत नव्हती असं मी म्हणणार नाही. मिळत होती, पण मोठीमाय, म्हणजे ताईची आई, गोधडीला ठिगळं लावायची तशी, तुकड्यातुकड्यांनी. घरातली ती मोठी, तिच्या मागे भावंडांची रांग. पहाटे उठून हापशीचं पाणी, चूल, भाकरी, बहिणींच्या वेण्या, मग सायकल. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमानं. यातून उरलेल्या वेळात गृहपाठ आणि गृहपाठातून उरलेल्या वेळात झोप. शून्यातून काही काढता येत नाही हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ताई काढायची.

हापशीचा दांडा वर गेला की तिचे डोळे मिटायचे, खाली आला की उघडायचे. मी शेजारी कळशी धरून उभी असायची म्हणून सांगते, झोप आणि पाणी एकदमच भरायचं. भाकरी ती झोपेतच थापायची, आणि झोपेतली भाकरी कंपासनं काढल्यासारखी गोल. जागेपणी थापलेली जरा चौकोनी यायची. मोठीमाय लगेच ओळखायची, "आज जागी हायेस का वं?"

एकदा सायकलवर ती अशीच झोपी गेली होती. आमच्या दोघींत सायकल एकच, ती चालवायची आणि मी मागे कॅरियरवर. समोरून म्हशींचा मोठा कळप आला. ताई झोपेतच घंटी वाजवत कळपातून आरपार गेली आणि पलीकडे निघाल्यावर म्हणाली, "आज रस्त्यात गर्दी नाई." मी कॅरियरवर डोळे मिटून बसले होते, तरी मी हे सगळं पाहिलं. म्हशी साक्षीला आहेत. म्हणजे होत्या.

आणि या सगळ्यावर आमचे गणिताचे सर.

शनिवारी सर फळ्यावर रविवारचा गृहपाठ लिहायला लागले की फळा संपायचा. मग ते दाराच्या मागच्या बाजूला लिहायचे, मग खिडकीच्या चौकटीवर. एकदा शिपाई सूचना घेऊन आला तर त्याच्या पाठीवर खडूनं शेवटचं प्रमेय लिहिलं आणि आमचं उतरवून होईतो त्याला भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं. दुसऱ्या गावची पोरं आम्हाला विचारायची, तुमच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीचा गृहपाठ शनिवारीच देतात का?

पण सरांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, आणि इच्छा तर त्याहून नाही. कारण जे द्यायचे ते सगळं तपासायचे. वरवर बरोबरची खूण करून मोकळं होणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चूक सापडली की नेमका कुठे पाय घसरला ते शेजारी लाल शाईनं लिहायचे, कधी कधी आमच्या उत्तराहून लांब. अशा तीन वर्गांच्या वह्या. शिकवणी लावा म्हणायचे नाहीत, घरी बोलवायचे नाहीत, जे काही व्हायचं ते त्या वहीतच. रेल्वे लाइनच्या बाजूला त्यांची खोली होती. खिडकीत दिवा इतका वेळ जळायचा की एकदा एक मालगाडी त्यालाच सिग्नल समजून उभी राहिली, अशी शाळेत सगळ्यांची खात्री होती. मी तर डब्यांचा रंगही सांगू शकते.

आम्ही बाकीच्या गणितातून सुटायला गणित करायचो. ताईला मात्र ते आवडायचं. सरांनी लाल शाईत काही लिहिलं की ती ते दोनदा वाचायची, लोकं सणाचा गोड घास जिभेवर ठेवतात तसं. म्हणूनच सरांना काळजी. एकदा पुलगावच्या आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी त्यांची आणि मोठेबाबांची गाठ पडली.

"तुमची मुलगी फार हुशार आहे हो," सर म्हणाले. "पण वर्गात झोपते."

मोठेबाबांच्या कानांनी पहिलं वाक्य सोडून दिलं आणि दुसरं धरलं.

आता यात एक अडचण होती. डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून मोठेबाबा हंगामभर रात्री वावरात जागलीला असायचे. मचाणावर बसून डबे वाजवायचे, आरोळ्या ठोकायचे. जागणं हा त्यांचा धर्म होता आणि दिवसा झोपणं हे पाप. ते स्वतः सकाळी वावरातून आले की खाटेवर आडवे होऊन, डोळे मिटून "इचार करत". तो विचार चार घरं पलीकडे ऐकू जायचा. भिंतीवरच्या पाली जागा बदलायच्या. पण त्याला झोप म्हणायची कोणाची छाती नव्हती, आणि मोठीमायचा कडक नियम होता, जागलीवरून आलेला माणूस विचार करत असला की त्याला उठवायचं नाही. घराला आग लागली तर आधी घर विझवायचं, मग सांगायचं.

त्या रात्री जेवताना मोठेबाबांनी पाट सरकवला.

"मी रातभर डुकराच्या मागं वरडून राह्यलो, अन् माह्या घरचं लेकरू भर दिवसा, मास्तरच्या समोर झोपून राह्यलं! आता आनखी एक डाव झोपल्याचं माह्या कानावर आलं, तं शाळेतून नाव काढून आनतो. झोपाले शाळा कायले लागते? घर हाय ना!"

मोठीमाय म्हणाली, "दहावी तं होऊ द्या लेकराची."

"एक डाव," मोठेबाबा म्हणाले.

मोठेबाबा शब्द फिरवत नाहीत याचा गावाला अभिमान होता आणि आम्हाला धाक. दुसऱ्या दिवसापासून ताईच्या फ्रॉकच्या खिशात हिरवी मिरची असायची. डोळे जड झाले की ती मिरचीचा तुकडा तोडायची. पंधरवडाभर ती वर्गात डोळ्यांतून पाणी काढत बसली होती, आणि सरांना वाटायचं भूमितीनं पोरगी हेलावून जाते.

मग आला तो रविवार. वेचणीचा जोर होता. रविवार म्हणजे शाळेला सुट्टी, म्हणजे वावरात दिवसभर कापूस वेचायचा. कंबरेला ओटी बांधून, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटेपर्यंत. संध्याकाळी परत चूल. आणि वहीत सरांचा शनिवारचा फळा, दार, खिडकी सगळं उतरवलेलं. ज्याचा गृहपाठ अपुरा त्याच्या वडिलांना बोलावणं, हा सरांचा नियम. आणि वडील आले म्हणजे काय होणार ते आम्हाला ठाऊक होतं. ताईनं कंदील घेतला आणि कापसावर चढली.

हेही सांगायला हवं. आमच्याकडे वेचलेला कापूस विकायला नेईपर्यंत घरातच ठेवतात. समोरची खोली पार आड्यापर्यंत भरते आणि घरची माणसं उरलेल्या जागेत कडेकडेनं जगतात. त्या कापसावर लेकरांनी झोपू नये असं मोठी माणसं सांगतात, कारण केस अडकतात, अंगाला खाज सुटते. म्हणून थंडीत सगळी लेकरं तिथेच झोपतात. ताई मात्र तिथे लिहायला जायची, कारण घरात एवढी एकच जागा होती जिथे हाक मारणाऱ्याला वर चढून यावं लागायचं. कंदील ती खाली, दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवायची. कापसाजवळ दिवा नेऊ नये एवढी अक्कल आम्हाला जन्मतः असते.

सकाळी दोन बंड्या भरायच्या होत्या. एक मोठेबाबांची, एक आमच्या बाबांची. बंडीला चारी बाजूंनी बांबूचे तट्टे लावायचे, आत कापूस टाकायचा आणि एकानं आत उभं राहून तो पायांनी खुंदायचा. नीट खुंदला नाही तर अर्धा कापूस घरीच राहतो. हे काम पोरींचं. मी आमच्या बंडीत, ताई त्यांच्या. भरून झालं की आम्ही त्याच कापसावर बसून शाळेला जाणार, दप्तरं मांडीवर घेऊन, राण्यांसारख्या. त्या दिवशी सायकल घेऊन माझा भाऊ दुधाला गेला होता, हे मला मागाहून कळलं.

अजून नीट उजाडलं नव्हतं. मोठेबाबा आणि बाबा दोन्ही हातांच्या कवेत भरभरून कापूस आणत होते. कवळ एवढी मोठी की मागचा माणूस दिसत नसे, धोतर घातलेला ढगच चालत येतोय असं वाटायचं. ताईची बाकी सगळी गणितं झाली होती, एक प्रमेय राहिलं होतं. ती वही घेऊनच बंडीत चढली होती.

"पक्ष," ती म्हणायची, आणि पाय आपटायची. वरून कवळभर कापूस पडायचा.

"साध्य." धप्प. कापूस.

"रचना." धप्प. कापूस.

मी पलीकडच्या बंडीतून ऐकत होते. सिद्धता आलीच नाही. मला वाटलं, उतरून आंघोळीला गेली असेल. मोठेबाबांना काही वाटलंच नाही, कारण त्यांना कवळीपलीकडचं दिसत नव्हतं. ताई उभ्या उभ्याच झोपी गेली होती, तट्ट्याला टेकून, हळूहळू खाली बसत. आणि माणसं भक्तिभावानं तिच्यावर कापूस टाकत राहिली. भरून झालं, वरून गोणपाट बांधलं, बैल जुंपले.

"पोट्टी कुठी गेली?" मोठीमायनं विचारलं.

मोठेबाबांनी अंगणात नजर टाकली. सायकल नव्हती. "गेली असन सायकलीनं."

मोठीमायनं तिचं विसरलेलं दप्तर आणि डबा माझ्या हातात दिला. "तिले देजो."

आणि आम्ही निघालो. पुढे मोठेबाबा बैलांना शिव्या देत, मागे बाबा गाणं म्हणत, मी बाबांच्या कापसावर कुडकुडत. त्या पुढच्या बंडीत, तट्ट्याच्या एका भोकाला नाक लावून, ताई झोपली होती. हिवाळ्यात कापसाइतकी ऊब आईच्याही कुशीत नसते. चाकं कुरकुरत होती, बंडी पाळण्यासारखी हलत होती, आणि तिला जन्मापासून पहिल्यांदा कोणीही हाक मारत नव्हतं. बैल खड्ड्यातून गेले, नाल्यातून गेले, यार्डाच्या फाटकात हमाल एकमेकांवर ओरडले. ताईनं कूस बदलली असेल तर तेवढीच. मी आजवर पुष्कळ झोपा पाहिल्या, गाद्यांवरच्या, पंख्याखालच्या. त्या झोपेच्या बरोबरीची एकही नाही.

आता पायापाशी परत येऊ.

पायामागून दुसरा पाय निघाला, मग ताई निघाली. वेण्यांत, भुवयांत, पापण्यांत कापूस. दहावीतली पोरगी एका झोपेत सत्तरीची होऊन बाहेर आली होती. यार्ड हसायला लागलं. हसणं कसलं, पार वखारीच्या पत्र्यांवरचे पारवे उडाले.

"काय भाऊ, पोरीले कोनतं ग्रेड लावता?"

"ग्रेडरसाहेब, दगडाले तोरडी कोनं घातली जी?"

ग्रेडर बिचारा हाडाचा कर्तव्यदक्ष. तिचा गाल जिथे होता तिथला कापूस त्यानं मुठीत दाबून पाहिला आणि मान हलवली. "इथी थोडी ओल हाय."

मोठेबाबा गप्प होते. ते गरजत असले की माणसं निवांत असायची. गप्प झाले की बैलसुद्धा रवंथ थांबवायचे.

ताईनं पुन्हा कापसात हात घातला, चाचपलं आणि वही बाहेर काढली, मग पेन. तेवढ्यात मिलचा भोंगा वाजला. शाळा त्याच भोंग्यावर भरायची.

"झोपली व्हती?" मोठेबाबांनी विचारलं. हळू विचारलं.

"हो," ताई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, त्या घराण्यातलं ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

"चाल."

"कुठी?"

"शाळेत. नाव काढाले."

बाबा मध्ये पडले. "दादा, लेकरू हाय, थकली असन. घरी जाऊन बोलू ना."

"तू बैलापाशी थांब," मोठेबाबा म्हणाले आणि निघाले. हातात बैल हाकायची तुतारी तशीच, टोकाला खिळा असलेली. खाली ठेवायचं भान नव्हतं.

मार्केट यार्डापासून शाळेपर्यंतचा तो रस्ता मला अजून पावलापावलानं आठवतो. पुढे मोठेबाबा, मिशीवर कापूस. मध्ये ताई, अनवाणी, कारण तिच्या चपला घरी अंगणातच राहिल्या होत्या. मागे मी, दोन दप्तरं आणि दोन डबे घेऊन. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मनातल्या मनात मी दोघींचीही शाळा संपवून, दोघींची लग्नं लावून, दोघींच्या हातात सुपं दिली होती. आणि ही माझी ताई चालता चालता वही उघडून पुटपुटत होती.

"वं ताई," मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुहं नाव काढाले चालले ते, अन् तू प्रमेय करून राह्यली?"

"काढतपर्यंत तं हाय ना नाव," ती म्हणाली आणि पान उलटलं.

शाळेच्या व्हरांड्यात मोठेबाबांनी छाती भरून हवा घेतली. गर्जनेआधी ते घ्यायचे तशी. वर्गाच्या दारात उभे राहिले, तुतारी उचलली, तोंड उघडलं.

वर्गातल्या झाडून सगळ्या पोरापोरींनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

सर खुर्चीत होते. हनुवटी छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजव्या हातात लाल पेन, आणि समोर टेबलावर तपासलेल्या वह्यांचा डोंगर. सर झोपले होते. हे महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी व्हायचं, आणि आमच्या वर्गाचा त्याबाबतीत एक न लिहिलेला कायदा होता. सरांना डुलकी लागली की कोणी बोलायचं नाही. फळ्यावरचं गणित करायचं. कंपासपेटी उघडायची असेल तर रुमालात गुंडाळून उघडायची. शिंक आली तर दप्तरात. बाजूच्या वर्गातली पोरं मारामाऱ्या करायची त्या वेळात आम्ही त्रिकोण काढायचो. इतकी शिस्त त्या शाळेत जागेपणी कोणत्याही मास्तराला मिळाली नाही.

मोठेबाबांचं तोंड उघडंच राहिलं. आत घेतलेली हवा त्यांनी थोडी थोडी करून, गाडीच्या ट्यूबसारखी सोडली.

"वारले का?" त्यांनी पुढच्या बाकावरच्या मॉनिटरच्या कानात विचारलं. ती त्यांची कुजबूज होती, म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंतच ऐकू गेली.

"नाई काका," मॉनिटर पोरगी म्हणाली. "रातभर चाचनीच्या वह्या तपासल्या त्याईनं. तिन्ही वर्गाच्या."

मोठेबाबांनी वह्यांच्या डोंगराकडे पाहिलं. वरची वही उघडी होती, लाल शाईनं भरलेली. त्यांना वाचता किती येत होतं देव जाणे, पण शाई किती आहे ते दिसत होतं. मग त्यांनी सरांच्या डोळ्यांखालच्या काळ्या कडा पाहिल्या. तसल्या कडा त्यांच्या घरच्या आरशातही होत्या.

"जागलीवरून आले म्हना ना," ते म्हणाले. आणि जरा थांबून, मान हलवत, "इचार करून राह्यले."

आता नियम तो नियम. जागलीवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. नाव काढायला आलेला माणूस नाव काढल्याशिवाय परत जाणार नाही, हाही नियमच. दोन्ही नियम पाळायचे तर एकच उपाय होता. मोठेबाबा पायांचा आवाज न करता शेवटच्या बाकापर्यंत गेले, तुतारी भिंतीला टेकवली, गुडघे बाकात कोंबले आणि सरांची वाट पाहत बसले.

ताई त्यांच्या पुढच्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. तिनं वही उघडली आणि सिद्धता लिहायला घेतली.

शेवटच्या बाकावर खिडकीतून ऊन यायचं. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन, गोधडीसारखं. मोठेबाबा रात्री वावरात डुकरांवर ओरडले होते, पहाटे बंडी भरली होती, सकाळी ग्रेडरवर ओरडले होते. थोड्या वेळानं मागून आवाज यायला लागला. आधी दुरून ट्रक चढावर लागावा तसा. मग ट्रक जवळ आला. मग खिडकीची तावदानं थरथरली. माझ्या बाकावरचं पेन आपोआप गडगडत गेलं आणि खाली पडलं. पोरं तोंडात रुमाल कोंबून लाल झाली होती, पण कायदा मोडला कोणी नाही.

समोर सर झोपलेले, मागे मोठेबाबा विचार करत असलेले, आणि त्या दोघांच्या मध्ये माझी ताई, डोळे टक्क उघडे, केसांत कापूस, सरळ पट्टीनं रेघ ओढत होती. पोटभर झोपलेली पोरगी कशी दिसते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिचं अक्षरसुद्धा वेगळं आलं होतं. मला त्या वेळी काय वाटलं ते आज नेमकं सांगता येईल, मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण बाकात जागा नव्हती.

तिनं शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि पेन बंद केलं. त्याच क्षणी ट्रक अगदी वर्गात शिरला.

सर दचकून उठले.

"कोण घोरतंय?" ते ओरडले. चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावरच होता, त्यामुळे त्यांना सगळं धुक्यातलं दिसत असणार. "मागचा बाक! मागचा बाक, उभा राहा!"

मोठेबाबा उभे राहिले.

ते चौथीपर्यंत शाळेत गेले होते म्हणे. त्या चौथीनं त्यांना त्या क्षणी आतून उचललं. ताठ उभे राहिले, हात छातीशी बांधलेले, मान खाली. मिशीवर कापूस.

"गृहपाठ?" सर म्हणाले.

मोठेबाबांनी आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना आयुष्यभर ओळखते. ते डुकरांना भ्याले नाहीत, सापांना भ्याले नाहीत, ग्रेडरला तर नाहीच नाही. त्या वेळी मात्र ते भ्याले होते. ताई उठली, टेबलापाशी गेली आणि आपली वही सरांच्या पुढे ठेवली. सरांनी झोपेतच पान उघडलं, पेन टेकवलं आणि मग, वाचता वाचता, जागे होत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. पेन कुठेही थांबलं नाही. खाली त्यांनी एकच शब्द लिहिला, "सुरेख". तिन्ही वर्गांत मिळून तो शब्द सणासुदीलाच निघायचा.

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि शेवटच्या बाकाकडे नीट पाहिलं.

वर्गात इतकी शांतता होती की कापूस पडला असता तरी ऐकू आला असता. थोडा पडलाही, ताईच्या वेणीतून.

"अहो, तुम्ही!" सर घाईनं उठले. कानापर्यंत लाल झाले होते. पालकासमोर झोपलेला मास्तर आणि मास्तरासमोर झोपलेला पालक एकमेकांकडे बघत उभे होते. "माफ करा हं. मी जरा..."

"इचार करून राह्यलते," मोठेबाबा म्हणाले. "मले मालूम हाय, मास्तर. मीबी तेच करून राह्यलतो."

"बसा ना, बसा. कधी आलात? सकाळी सकाळी, इतक्या लांबून... काही काम होतं का?"

मोठेबाबांनी तुतारी उचलली. एकदा वह्यांच्या डोंगराकडे पाहिलं, एकदा ताईकडे. ताई टेबलापाशी तशीच उभी होती, अनवाणी. मी श्वास धरून ठेवला होता, तो मला वाटतं अजून पूर्ण सोडलेला नाही.

"काई नाई," ते म्हणाले. "पोरीले सोडाले आलतो."